रस्ता रुंद झाला, तरी कोंडी का सुटत नाही?

शहरात वाहतूक कोंडी झाली, की पहिली मागणी होते ती रस्ता रुंद करण्याची. झाडे तुटतात, पदपथ आक्रसतात, काही महिने गाड्या सुसाट धावतात. मग कोंडी परत येते. असे का होते?

वाहतूक शास्त्रात याला ‘प्रेरित मागणी’ म्हणतात. कोंडीला कंटाळून काही जण बसने जात असतात, काही जण वेळ बदलतात, काही जण जाणेच टाळतात. रस्ता मोकळा दिसला, की ही मंडळी पुन्हा गाडी बाहेर काढतात. ड्युरांटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११मध्ये अमेरिकी शहरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. महामार्गांच्या मार्गिका जितक्या टक्क्यांनी वाढल्या, जवळपास तितकाच वाहनांचा प्रवासही वाढला होता. ह्यूस्टनचा ‘केटी फ्रीवे’ २००८मध्ये रुंद झाला. काही ठिकाणी त्यावर २६ मार्गिका आहेत. तरीही २०११ ते २०१४ या काळात तेथील संध्याकाळच्या गर्दीतला प्रवास सुमारे ५५ टक्क्यांनी लांबला.

याची किंमत शरीर मोजते. वाहने वाढली, की धूर आणि टायर-ब्रेकची धूळ वाढते. त्यातील ‘पीएम २.५’ हे सूक्ष्म कण फुफ्फुसांतून रक्तात उतरतात; दमा, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. भारतीय मानक ४०चे आहे.

रस्ता ओलांडणाऱ्यांचे काय? २४ मीटरचा रस्ता सेकंदाला १.२ मीटर चालणारा तरुण २० सेकंदांत ओलांडतो. ०.८ मीटरच्या गतीने चालणाऱ्या आजींना ३० सेकंद लागतात. सिग्नल २० सेकंदांचा असेल, तर त्या आठ मीटर अलीकडेच अडकतात. त्यातच मोकळ्या रस्त्यावर वेग वाढतो. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला, तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो.

दक्षिण कोरियातील सोल शहराने उलटी वाट धरली. २००३मध्ये चंगेचन ओढ्यावरचा उन्नत महामार्ग पाडायला सुरुवात झाली आणि २००५मध्ये ओढा पुन्हा वाहता झाला. बससेवाही सुधारली. शहर ठप्प झाले नाही, उलट ओढ्याकाठची हवा थंड झाली.

अरुंद, धोकादायक वळण रुंद करावेच लागते. मात्र आपल्या भागात रस्तारुंदीचा प्रस्ताव आला, तर तीन प्रश्न जरूर विचारा: पदपथ किती रुंद राहणार? बसला स्वतंत्र मार्गिका मिळणार का? आणि आजींना रस्ता ओलांडायला किती सेकंद मिळणार?