औषध दादाला, शिकवणी घरच्यांना

माझा मोठा भाऊ अकोल्याला जिनिंगमध्ये कामाला होता. एका हंगामात तो म्हणू लागला, की गाठी बांधणारी माणसं आपल्याबद्दलच कुजबुजतात. पुढे रात्री घरातही त्याला आवाज ऐकू येऊ लागले. बाहेरचं काही असेल म्हणून आम्ही अंगारेधुपारे केले. दोन वर्षं त्यात गेली. मी तेव्हा अमरावतीला शिक्षक. सुटीत जायचो आणि "दादा, मनावर घे, सगळं ठीक होतं" असा उपदेश करून परतायचो.

अखेर मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. निदान झालं स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता. गोळ्यांनी झोप लागली, आवाज ओसरले. आम्हाला वाटलं, सुटलो. पण आजार दोनदा उलटला. दुसऱ्या खेपेला तिथल्या समाजकार्यकर्त्या बाईंनी गोळ्यांची चौकशी केली आणि मग निराळंच विचारलं, "घरी यांच्याशी कोण, काय बोलतं?"

आम्ही गप्प. दिवसभर तेच तर चालायचं! उठ, आंघोळ कर, लोक काय म्हणतील, तुझ्यापायी बहिणीचं लग्न अडलं.

हे आमच्याच घरचं नव्हे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन या संशोधकाला १९५० च्या दशकात दिसलं, की रुग्णालयातून आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेल्यांचा आजार भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा उलटतो. पुढच्या अभ्यासांत उलगडा झाला. सततची टीका, राग आणि अति काळजीसुद्धा रुग्णाला सोसत नाही. घरच्यांमुळे आजार होतो, असा याचा अर्थ मुळीच नाही. आमच्या वडिलांना ते पटवायला बाईंना तीन बैठका लागल्या.

बाईंनी सांगितलं, आवाज खोटा म्हणून वाद घालू नका आणि खरा म्हणून होकारही देऊ नका. भीती मात्र खरी असते, तिच्याबद्दल बोला. आवाज केव्हा वाढतात, कशाने कमी होतात, ते त्यालाच विचारा. विचारलं. दादा म्हणाला, तिन्हीसांजेला एकटा असलो की वाढतात, रेडिओ लावला की कमी होतात. इतक्या वर्षांत हे आम्ही विचारलंच नव्हतं! आईला मात्र हे न शिकवता येत होतं. "मले नाही आयकू येत रे बाप्पा, पण तुले भेव लागते ना? मंग मी हावो इथंच," असं म्हणून ती त्याच्या उशाशी बसायची.

हे काही शहरी चोचले नाहीत. गोवा, सातारा आणि तामिळनाडूतल्या २८२ रुग्णांचा अभ्यास २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यातल्या काहींच्या घरी, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला, शिकवून तयार केलेले स्थानिक कार्यकर्ते जात. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. वर्षभराने त्या रुग्णांचा त्रास बेताचाच, पण इतरांपेक्षा जास्त कमी झाला होता. अधिक गुण आला तो तामिळनाडूतल्या खेड्यांत. कुठे जावं हे सुचत नसेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. त्यावर मराठीत बोलता येतं.

दादा जिनिंगला परत गेला नाही. सकाळी दूध आणतो, घरचा हिशेब लिहितो, गोळ्या घेतो. आवाज अधूनमधून येतोच. मागच्या रविवारी फोनवर मी सवयीने विचारलं, "गोळी घेतली ना, दादा?"

"घेतली रे. पयले जेवला का, हे तं इचार."