ढाला आवाज आणि तार सप्तक

ढाल्या, म्हणजे खालच्या, वजनदार आवाजाच्या पुरुष गायकांची अडचण बहुधा एकाच जागी येते. काळी एकमध्ये गायला बसलं की मंद्र पंचमापासून मध्य सप्तक भरून लागतं, तार षड्जही निघतो, आणि मग रिषभ-गंधाराशी गळा अडतो. आवाज एक तर फाटतो, नाही तर एकदम बारीक होऊन निसटतो. यावर मिळणारे सल्ले दोन ठरलेले: ‘जोर लावा’ किंवा ‘तुमचा गळा खालचाच, वरचा नाद सोडा’. दोन्ही चुकीचे आहेत आणि पहिला तर धोक्याचाही आहे.

वर जाताना गळ्यात काय होतं ते आधी हाताने तपासता येतं. कंठमण्यावर बोट ठेवा आणि हळूच खाली सरकवा. दोन कूर्चांच्या मध्ये एक बारीक खाच लागेल. आता ‘ऊ’ म्हणत मध्य षड्जापासून तार षड्जापर्यंत सलग मींड घ्या. खाच मिटत जाताना बोटाला जाणवते. एका स्नायूच्या ओढीने वरची कूर्चा कलते, आत बांधलेले स्वरतंतू लांब आणि पातळ होतात आणि तंबोऱ्याची तार ताणल्यावर होतं तसाच सूर चढतो. काळी एकचा षड्ज म्हणजे तंतूंची सेकंदाला सुमारे १३९ कंपनं, तार षड्ज म्हणजे २७७, आणि तार गंधाराला आकडा ३५०च्या घरात पोचतो.

मात्र तंतूंच्या आत आणखी एक स्नायू असतो, त्यांना जाड आणि आखूड ठेवणारा. ढाल्या आवाजाचा भरदारपणा बराचसा त्याचा. सूर चढताना त्याने हळूहळू सैल व्हायला हवं. आपण मात्र मध्य सप्तकातला तोच वजनदार आवाज तसाच वर न्यायला बघतो. एक स्नायू ताणतोय आणि दुसरा सोडत नाही, ही ओढाताण सुमारे ३०० ते ३५० कंपनांच्या पट्ट्यात असह्य होते. काळी एकमध्ये नेमके तिथेच तार रिषभ आणि गंधार बसतात.

म्हणून ‘वरचा सूर जोरानेच लागतो’ हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. वर जाताना श्वासाचा दाब थोडा वाढतो हे खरं, पण नुसत्या दाबाने सूर फारसा चढत नाही, आवाज मुख्यतः मोठा होतो. गंधार ओरडून लावला तर तंतू सेकंदाला साडेतीनशे वेळा एकमेकांवर आपटतात. हे रोज चाललं की सूज येते आणि पुढे गाठी धरतात. युरोपच्या ऑपेरात झिल्बेर द्युप्रे या गायकाने १८३७ साली पॅरिसमध्ये संगीतकार रॉसिनीच्या ‘विल्यम टेल’ या ऑपेरातला ५२३ कंपनांचा वरचा सूर छातीच्या पूर्ण आवाजात लावून खळबळ उडवली. त्याआधीचे गायक असे सूर हलक्या आवाजात घेत. खुद्द रॉसिनीला तो प्रकार आवडला नव्हता, आणि द्युप्रेचा आवाजही पुढे लवकरच उतरत गेला.

हलक्या, पातळ आवाजाबद्दल आपल्याकडे उगाच कमीपणा मानतात. ‘तो खोटा आवाज, पुरुषाने घेऊ नये’ असं क्लासातसुद्धा ऐकू येतं. प्रत्यक्षात तोही त्याच तंतूंचा आवाज आहे, फक्त त्यात तंतूंच्या कडाच कंप पावतात. ढाल्या गळ्यासाठी मेहनतीची सुरुवात इथूनच व्हावी असं माझं ठाम मत आहे. तार मध्यमाच्या आसपास पातळ ‘ऊ’ धरा आणि अवरोहाने सावकाश मध्य पंचमापर्यंत उतरा. उतरताना आवाजाला आपणहून भरू द्या, मध्येच जाड करू नका. काही आठवड्यांनी तुटणारी जागा बुजायला लागते. मग तेच सूर ‘आ’ने घ्या. गंधाराला ‘आ’ किंचित ‘ऑ’कडे झुकवला की तो कमी फाटतो. सरबताच्या साध्या स्ट्रॉमधून ‘ऊ’ गुणगुणत खाली-वर जाणं हाही उत्तम व्यायाम आहे. ओठांशी अडलेल्या हवेचा दाब उलट आत पोचतो आणि तंतू अलगद मिटतात. आवाजशास्त्रज्ञ इंगो टिट्झे यांनी या पद्धतीचा बराच अभ्यास केला आहे.

‘पहाटे खर्ज भरला की वरचं आपोआप खुलतं’ हे अर्धंच खरं. खर्जाने श्वास लांबतो, सूर ठरतो, गळा सैल होतो. पण तंतू ताणणाऱ्या स्नायूला खर्जात फारसं कामच नसतं. वरच्या सुरांची मेहनत वरच, थोडा वेळ आणि हळू आवाजात करावी लागते.

ज्येष्ठमध, खडीसाखर, मिरे यांनी घशाला बरं वाटतं, पण ‘त्यांनी आवाज वर जातो’ यात तथ्य नाही. गिळताना श्वासमार्ग मिटतो, त्यामुळे खाल्लेलं काही तंतूंना लागतच नाही. लागली तर वाफ लागते. दिवसभर पुरेसं पाणी पिण्याचा उपयोग शरीरामार्फत होतो.

आता मर्यादेबद्दल. पुरुषांचे स्वरतंतू साधारण १७ ते २५ मिलिमीटर असतात. ती लांबी रियाजाने बदलत नाही, त्यामुळे ढाल्या आवाजाचा पोत ढालाच राहणार. वर सूर वाढतात, आवाजाची जात बदलत नाही. तरीही कोवळ्या वयात कुणावर ‘खालचा गळा’ असा शिक्का मारू नये. इटलीचे ऑपेरा गायक कार्लो बेरगोन्झी १९४८ मध्ये बॅरिटोन, म्हणजे खालच्या गळ्याचे गायक म्हणून रंगमंचावर आले आणि १९५१ पासून टेनर, म्हणजे वरच्या गळ्याचे गायक म्हणून जगभर गाजले. त्यांचा गळा मुळात वरचाच होता, ओळखायला वेळ लागला इतकंच. उलट गंगूबाई हनगल यांचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेनंतर खाली उतरला. त्यांनी जुना आवाज परत ओढून आणायचा खटाटोप केला नाही. त्या खालच्या, धीरगंभीर आवाजातच किराणा घराण्याची गायकी मोठी केली.

तेव्हा मूळ गाण्याची पट्टी झेपत नसेल तर पेटीवाल्याला एक पट्टी उतरवायला सांगा. हलका रियाज रोज करा, दुखलं की थांबा, आणि घोगरेपणा तीन आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना तंतू दाखवून घ्या.