तळ्यातील माशांची गणती आणि विषाचा परवाना

हुबळीच्या उणकल तळ्यात किंवा धारवाडच्या केळगेरी तळ्यात मासे किती आहेत, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. परंतु तळ्यात मत्स्यबीज किती सोडावे, मक्त्याची रक्कम काय ठरवावी, बाहेरून आलेल्या चिलापीने मूळच्या माशांना कितपत मागे रेटले आहे, यांपैकी एकाही गोष्टीचा निर्णय त्या आकड्यावाचून धडपणे करता येत नाही. शेतातील जोंधळा कापून, मळून, मापून घेता येतो. पाण्याखालचे पीक दृष्टीस पडत नाही, आणि स्वस्थ उभेही राहत नाही.

यावर पीटरसन या डॅनिश शास्त्रज्ञाने 1896 च्या सुमारास एक युक्ती योजिली. समजा, तळ्यातून दोनशे मासे धरले, त्यांच्या पराला बारीकशी खूण केली आणि त्यांना पुन्हा पाण्यात सोडून दिले. काही दिवसांनी जाळे टाकले तेव्हा दीडशे मासे आले व त्यांत दहा खुणेचे निघाले. म्हणजे पंधरा माशांत एक खुणेचा; तेव्हा एकंदर मासे सुमारे तीन हजार. त्रैराशिक सोपे आहे, अडचण माशांची आहे. खूण केलेले काही मासे दगावतात, काही जाळ्याला बिचकू लागतात. बोटाएवढी पिले जाळ्याच्या आसांतून निसटतात, आणि चिखलात दडणारी मरळ तर जाळ्याला सहसा दादच देत नाही. आलेला आकडा त्यामुळे बरोबर की चूक, हे पडताळून पाहण्यास दुसरे साधन लागते. ते साधन म्हणजे विष. पाण्याचा एखादा कोपरा जाळ्याने बंदिस्त करावा, त्यातील लहानथोर सर्व मासे मारावेत आणि मोजावेत, अशी ही कठोर रीत आहे.

पाण्यात विष कालवून मासे धरणे ही काही नवी विद्या नव्हे. सह्याद्रीच्या रानात गेळाची फळे, कुंभ्याची किंवा रामेठ्याची साल ठेचून डोहात टाकण्याची रीत पूर्वापार आहे. मत्स्यसंवर्धनाच्या तळ्यात बीज सोडण्यापूर्वी मारक मासे काढून टाकण्यासाठी मोहाची पेंड वापरतात. तिचे प्रमाण हेक्टरी दोन ते अडीच हजार किलो इतके मोठे असते. पेंडीतील सॅपोनिन हे द्रव्य माशांच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडते. तिचा विषारीपणा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो, आणि मग तीच पेंड तळ्याला खत म्हणून उपयोगी पडते. संशोधक अधिक पसंत करतात ते रोटेनोन. डेरिससारख्या वेलींच्या मुळांतून मिळणारे हे द्रव्य फार थोडक्या प्रमाणात काम करते. ते कल्ल्यांतून रक्तात शिरते आणि पेशींना प्राणवायूचा उपयोग करू देत नाही. पाण्यात प्राणवायू असतो, पण मासा गुदमरतो. ऊन व उबदार पाणी यांमुळे ते लवकर निकामी होते. तोवर मात्र माशांबरोबर बेडकांची पिले, पाणकिडे आणि माशांचे खाद्य असणारे सूक्ष्म जीवही त्याला बळी पडतात.

म्हणूनच येथे कायदा आडवा येतो, आणि तो यावयासच हवा. हिंदुस्थानातील गोड्या पाण्यातील माशांची सर्रास नासाडी चालली आहे, हे फ्रान्सिस डे याने 1873 च्या आपल्या अहवालात दाखवून दिले होते. पुढे 1897 साली मत्स्यविषयक कायदा झाला. मासे धरण्याच्या वा मारण्याच्या हेतूने पाण्यात विष, चुना किंवा अपायकारक पदार्थ टाकणाऱ्यास दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षा त्याच्या पाचव्या कलमात सांगितली होती. या कलमाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. त्यात संशोधकासाठी निराळा अपवाद नाही. विद्यापीठातील अध्यापकाचा हेतू कितीही शुद्ध असो, मासे मारणे हाच त्याचाही तात्कालिक हेतू असतो. मोकळीक ठेवली होती ती एवढीच की, सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून विशिष्ट क्षेत्रापुरते हे कलम स्थगित करावे. म्हणजे सवलत माणसाला नव्हे, जागेला. आणि तीही खासगी चिठ्ठीने नव्हे, जाहीरपणे. हा विचार शहाणपणाचा होता, कारण त्या पाण्यावर ज्यांचा चरितार्थ चालतो त्यांना पूर्वसूचना मिळण्याचा तोच मार्ग होता.

धारवाड जिल्हा 1956 साली मुंबई राज्यातून मैसूर राज्यात गेला, आणि पुढे कर्नाटकाने अंतर्देशीय मत्स्यव्यवसायासाठी 1996 चा स्वतंत्र कायदा केला. त्यामुळे आज येथील संशोधकाला पहिले दार ठोठवावे लागते ते राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे. तेवढ्याने मात्र भागत नाही. जलप्रदूषणाच्या 1974 च्या कायद्यातील चोविसावे कलम विषारी द्रव्य जाणूनबुजून पाण्यात जाऊ देण्यास मनाई करते, आणि त्यात कृत्रिम तळीही येतात. प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणारी समिती 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने स्थापिली आहे. मासा मुका असला तरी पृष्ठवंशीय प्राणीच आहे. मुंडगोड तालुक्यातील अत्तिवेरीसारखे पक्षी अभयारण्य असेल, तर 1972 च्या वन्यजीव कायद्याचे बत्तिसावे कलम अशा द्रव्यांना तेथे थाराच देत नाही. मेलेला मासा बगळ्याच्या आणि करकोच्याच्या पोटात जातो, हे ध्यानात घेता ते योग्यच म्हटले पाहिजे.

इतकी दारे पाहून संशोधक कंटाळतात, यात नवल नाही. पण त्यांनी स्वतःला आधी एक प्रश्न विचारावा. विषावाचून हे काम होणार नाही काय? धारवाडकडची पुष्कळ तळी चैत्र-वैशाखात आटून डबक्याएवढी होतात. तेव्हा ओढजाळे पुन्हा पुन्हा फिरवावे. पहिल्या खेपेस चारशे, दुसऱ्या खेपेस दोनशे, तिसऱ्या खेपेस शंभर मासे आले, तर एकंदर आठशेच्या आसपास असावेत, हे शाळकरी मुलालाही सांगता येईल. उणकलसारख्या वस्तीने वेढलेल्या तळ्यात विषाचा परवाना मागणेच गैर होय. जेथे पाणी लहान व अलग आहे, गुरे दूर ठेवता येतात आणि मत्स्य सहकारी संस्थेला भरपाई देता येते, तेथेच तो अर्ज शोभतो.

परदेशातही हे काम मुक्तहस्ते चालत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या रोंडेगाट नदीत परकी बास मासा हटविण्यासाठी 2012 साली रोटेनोन वापरले, ते पर्यावरणीय परिणामांची छाननी झाल्यानंतर. मूळचे मासे तेथे पुन्हा परतल्याचे मागाहून दिसून आले. अमेरिकेतील जलाशयांत खाडीसारखा कोपरा जाळ्याने अडवून विष घालतात, तेव्हा जाळ्याबाहेर पोटॅशियम परमँगनेट सोडतात. त्याने रोटेनोन निकामी होते आणि बाहेरचे मासे वाचतात. मेलेले मासे सगळेच लगेच वर येत नाहीत, पुष्कळसे तळाशी बसतात. यास्तव नावा दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही फिरवाव्या लागतात, आणि आधी खुणा करून सोडलेल्या माशांपैकी किती हाती आले हे पाहून उरलेल्यांचा अदमास बांधावा लागतो.