दोन सविता आणि एक बटण

तुमच्या आजोबांचा वाढदिवस कधी असतो? आज घरी गेल्यावर विचारून पाहा. "१ जून" असं उत्तर आलं, तर चकित होऊ नका. आपल्या खेड्यापाड्यांत १ जूनला वाढदिवस असलेले आजी-आजोबा चिक्कार सापडतील! पूर्वी पुष्कळ मुलं घरीच जन्मायची आणि जन्माची नोंद राहून जायची. मूल शाळेत आलं, की गुरुजी अंदाजानं वर्ष ठरवायचे. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणून तारीख लिहायचे १ जून.

आता पंचाईत बघा. एकाच वर्गात चार मुलांची जन्मतारीख एक. त्यातल्या दोघांचं नावही एक. मग हा कोण आणि तो कोण, हे कागदावर ओळखायचं कसं? यावर शाळेनं फार जुना आणि फार शहाणा उपाय केला. त्याचं नाव जनरल रजिस्टर. शाळेत दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाला त्यात एक क्रमांक मिळतो. मूल शाळा सोडून गेलं, तरी तो क्रमांक दुसऱ्या कुणाला देत नाहीत. नावं सारखी असतील, तारखा सारख्या असतील, क्रमांक मात्र ज्याचा त्याचाच!

हा जुना उपाय आज संगणकालाही शिकवावा लागतो, बरं का. कसा, ते पाहू.

पडद्यावरची वही

संगणकावरचा तक्ता म्हणजे स्प्रेडशीट तुम्ही पाहिली असेल. आडव्या ओळी, उभे रकाने आणि त्यांच्या चौकटी. १९७८ साली अमेरिकेत हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन या विद्यार्थ्याला ही कल्पना सुचली. एक आकडा बदलला, की फळ्यावरचे पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा मांडावे लागतात. हे काम यंत्रानं केलं तर? मित्र बॉब फ्रँकस्टन याच्या मदतीनं त्यानं १९७९ मध्ये 'व्हिजिकॅल्क' हा कार्यक्रम तयार केला. आजचं एक्सेल किंवा फुकट मिळणारं लिब्रे ऑफिस कॅल्क ही त्याचीच पुढची भावंडं.

पण मोठ्या तक्त्यात हातानं लिहिणं जोखमीचं असतं. पाचशे ओळींत नजर घसरते आणि एकाचं दुसऱ्याच्या ओळीत जातं. म्हणून तक्त्यापुढे एक फॉर्म ठेवतात. पडद्यावर छोटी खिडकी उघडते. त्यात क्रमांक, नाव, तारीख, वजन अशा मोजक्या जागा आणि खाली एक बटण : 'जतन करा'. आपण फक्त फॉर्म भरायचा. तक्त्यात नेऊन लिहिण्याचं काम बटणामागचा कोड करतो. कोड म्हणजे संगणकाला पायरी-पायरीनं दिलेल्या सूचना. एक्सेलमध्ये १९९३ सालच्या पाचव्या आवृत्तीपासून अशा सूचना व्हिज्युअल बेसिक या भाषेत लिहिता येऊ लागल्या. आज पायथॉन भाषेतूनही हे काम होतं. फॉर्म आणि तक्ता दोन्ही आपल्याच संगणकावर असले, तर त्यासाठी इंटरनेटही लागत नाही. डोंगरातल्या पाड्यांवर रेंज येते आणि जाते, तिथं हे फार सोयीचं.

बटणामागचा कारकून

बटण दाबल्यावर आत काय घडतं? समजा, आत एक आज्ञाधारक कारकून बसला आहे. त्याला आपण सांगायचं :

१. फॉर्मवरचा क्रमांक वाच.
२. तक्त्याच्या पहिल्या रकान्यात वरून खाली तो क्रमांक शोध.
३. सापडला, तर ती ओळ पक्की धर आणि त्या मुलाचं नाव फॉर्मवर दाखव.
४. माणसानं 'होय' म्हटल्यावरच त्या ओळीत लिही.
५. सापडला नाही, तर स्वतःच्या मनानं कुठेही लिहू नकोस. "हा क्रमांक नाही, नवीन नोंद करायची का?" असं विचार.
६. लिहून झाल्यावर फाइल जतन कर आणि "झालं" असं सांग.

तुम्ही म्हणाल, एवढ्या चौकशा कशाला? नाव शोधलं की झालं! पण हा कारकून जितका चपळ, तितकाच अडाणी आहे. 'सविता' आणि 'सवीता' यांत आपल्याला वेलांटीची चूक दिसते. त्याला त्या दोन वेगळ्या मुली वाटतात. क्रमांकातही गंमत होते. एकीकडे '०२७' लिहिलं आणि दुसरीकडे '२७', तर नुसती चिन्हं जुळवणारा कोड म्हणतो, "नाही सापडला!" एकीकडे देवनागरी आकडे आणि दुसरीकडे इंग्रजी आकडे असले, तरी तसंच. म्हणून क्रमांक लिहायची एकच पद्धत आधी ठरवून घ्यावी लागते.

जव्हार-मोखाड्यात एक ओळ चुकली, तर?

आता हे सगळं का महत्त्वाचं, ते सांगतो. जव्हार आणि मोखाडा हे आज पालघर जिल्ह्यातले तालुके. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, त्याआधी ते ठाणे जिल्ह्यात होते. वारली, कोकणा, क ठाकूर, कातकरी अशा आदिवासी समाजांचा हा डोंगराळ मुलूख. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषण आणि आजार यांमुळे शंभराहून अधिक बालकं दगावली. साऱ्या महाराष्ट्राला त्या बातमीनं धक्का बसला. तेव्हापासून या भागात लहान मुलाचं वजन हा नुसता आकडा राहिलेला नाही. अंगणवाडीत दर महिन्याला बाळांचं वजन होतं, ते वजन घटलं किंवा वाढायचं थांबलं, की धोक्याची घंटा वाजली पाहिजे.

समजा, एका पाड्यात दोन सविता आहेत. दोघी चौदा महिन्यांच्या आणि दोघींच्या वडिलांचं नाव रामा. पहिलीचं वजन ८.६ किलो. ती ठीक आहे. दुसरीचं ६.४ किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्याप्रमाणे या वयाच्या मुलीसाठी हे वजन फारच कमी आहे. तिला लगेच डॉक्टरांकडे न्यायला हवं. पण आपला कोड फक्त नाव शोधतो. पहिली 'सविता' दिसली, की थांबतो. मग काय होईल? दुसरीचं वजन पहिलीच्या ओळीत जाईल. धडधाकट मुलीच्या घरी ताई धावत जातील आणि जिला खरी गरज आहे, तिच्या दारात कुणी फिरकणार नाही. तक्ता मात्र सुबक दिसत राहील!

खोडायचं की पुढे लिहायचं?

ओळ बरोबर सापडली, तरी आणखी एक प्रश्न उरतोच. जुनं खोडून नवं लिहायचं, की जुनं तसंच ठेवून खाली नवं लिहायचं?

नावाची वेलांटी चुकली असेल, तर ती खोडून दुरुस्त करायची. पण वजन? गेल्या महिन्यात ७ किलो होतं आणि या महिन्यात ६.४ झालं. जुन्या ७ वर ६.४ लिहिलं, तर वजन घटलं हे कळणार कसं? म्हणून वजनासाठी वेगळा तक्ता ठेवतात आणि त्यात दर वेळी नवी ओळ घालतात : क्रमांक, तारीख, वजन. जुनी ओळ पुसायची नाही.

या भागातली अनेक कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे कामासाठी बाहेर पडतात. कुणी वीटभट्टीवर, कुणी बांधकामावर. पावसाळा तोंडावर आला, की परत येतात. मुलंही त्यांच्याबरोबर जातात. अशा मुलाची ओळ तक्त्यातून काढून टाकली, तर ते कागदावर नाहीसंच होतं. परत आल्यावर त्याची नवी ओळ केली, तर एकाची दोन मुलं होतात. दोन्ही चूकच. ओळ तीच ठेवायची. फक्त 'सध्या कुठे' या रकान्यात बदल करायचा. स्थलांतर करणाऱ्या मुलांना आपल्याकडे शिक्षण हमी कार्ड देतात, त्यामागेही हाच विचार आहे. मूल जिथं जाईल, तिथं त्याची नोंद त्याच्याबरोबर जावी.

राज्यातल्या शाळांसाठी २०१५ मध्ये 'सरल' प्रणाली आली. अंगणवाड्यांसाठी २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' आला. ती आपल्या छोट्या तक्त्यापेक्षा कितीतरी मोठी यंत्रणा. पण पहिला प्रश्न तिथंही तोच : ही नोंद नक्की कुणाची?

मोठ्यांचीही फजिती

अशा चुका फक्त आपल्याकडेच होतात असं समजू नका हं! २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत इंग्लंडमध्ये रुग्णांच्या नोंदी एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरल्या जात होत्या. त्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. जागा संपल्यावर पुढच्या नोंदी गुपचूप गळून गेल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातल्या १५,८४१ रुग्णांची नोंद अशी हुकली. त्या रुग्णांना स्वतःचा अहवाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कातल्या माणसांना शोधायला उशीर झाला. आपल्या कारकुनाची सहावी पायरी आठवा. "झालं" असं त्यानं खरोखर लिहून झाल्यावरच म्हणायचं आणि झालं नाही, तर मोठ्यानं ओरडायचं!

करून पाहा

संगणक नसला, तरी हा खेळ खेळता येतो. पाच मित्र जमवा. प्रत्येकाला एक क्रमांक द्या आणि दोघांना मुद्दाम एकच नाव द्या. एकानं फॉर्म व्हायचं, एकानं कारकून, एकानं वही सांभाळायची. वहीत दोन पानं करा : एकावर नावं, दुसऱ्यावर उंची. आता सगळ्यांची उंची मोजा आणि वरच्या सहा पायऱ्यांप्रमाणे नोंदवा. कारकुनानं स्वतःचं डोकं अजिबात चालवायचं नाही, सांगितलं तेवढंच करायचं. मध्येच एकदा वहीत नसलेला क्रमांक सांगून पाहा. कारकून विचारतो, की कुठंतरी लिहून मोकळा होतो?

महिन्यानं पुन्हा मोजा. जुनी उंची मात्र खोडू नका. दिवाळीनंतर कुणी गावाला गेलं, तर त्याची ओळ तशीच राहू द्या. तो परत आला, की त्याच क्रमांकापुढे त्याची नवी उंची लिहा.

आणि आई-बाबांना एक काम सांगा. अंगणवाडीत धाकट्या भावंडाचं वजन होईल, तेव्हा शेजारी उभं राहून नोंद कुणाच्या नावापुढे होते आहे, ते बघायला सांगा. ताईंना त्याचा राग येणार नाही. उलट, त्यांना मदतच होईल.