नेट गेलं, पण नेमकं कुठे?

ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने येताना गायमुखचा घाट मागे पडला की चेणे लागतं. एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, दुसऱ्या अंगाला वसईची खाडी. गाव मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत असलं तरी जंगल अगदी उशाशी आहे. अशा जागी जून उजाडला की घरातलं नेट रुसू लागतं. पोरांचा ऑनलाइन क्लास मधेच अडकतो, पैसे पाठवताना चक्र फिरत राहतं आणि मग एकच उपाय होतो: राउटर बंद करून पुन्हा चालू. तेवढ्याने भागलं नाही तर नवा राउटर. हा खर्च बहुतेक वेळा वाया जातो, कारण दोष कुठे आहे हे कुणी पाहिलेलंच नसतं.

माहिती आपल्या हातातल्या मोबाइलपर्यंत दोन टप्प्यांत येते. खांबाखांबावरून आलेल्या फायबरमधून घरातल्या डब्यापर्यंत, म्हणजे राउटरपर्यंत, पहिला टप्पा, आणि डब्यापासून मोबाइलपर्यंत हवेतून दुसरा. दोन्हींचे आजार वेगळे, औषधंही वेगळी. म्हणून सर्वांत आधी लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडावा. केबलवर नेट सुरळीत आणि वायफायवर अडखळत असेल, तर दोष घरात आहे. केबलवरही तोच प्रकार असेल, तर दोष बहुधा बाहेर आहे. केबल हाताशी नसेल तर लॅपटॉपवरून आधी राउटरच्या पत्त्यावर (तो बहुधा १९२.१६८.१.१ असतो) आणि मग बाहेरच्या एखाद्या पत्त्यावर ‘पिंग’ करावं, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते पाहावं. राउटरकडून उत्तर यायलाच उशीर होत असेल तर हवेतला टप्पा दुखतो आहे. राउटर तत्परतेने बोलतो आणि बाहेरचा पत्ता गप्प राहतो, तेव्हा लाइन बघायची.

हवेतला टप्पा समजून घ्यायला एक आकडा पुरतो. घरगुती राउटर साधारण १०० मिलिवॅट ताकदीने लहरी सोडतो. मोबाइलवरचं वायफाय तपासण्याचं अ‍ॅप उणे ८० डीबीएम (ताकद मोजण्याचं माप) दाखवतं, तेव्हा सोडलेल्या ताकदीचा हजार कोटीवा अंशच तिथवर पोचलेला असतो. तरीही मोबाइल तो ओळखतो, हे मला आजही विलक्षण वाटतं. पण या सीमेवर काम कसंबसं चालतं. दर ३ डेसिबलच्या घटीला ताकद निम्मी होते, म्हणून एक भिंत मधे आली तरी फरक जाणवतो.

आणि चेण्यातली पावसाळी भिंत म्हणजे ओली भिंत. पावसाच्या सरींमुळे घरातल्या दहा-पंधरा मीटरांत लहरींचं काही बिघडत नाही. पण विटेत आणि गिलाव्यात मुरलेलं पाणी वेगळं. पाण्याच्या रेणूला एका टोकाला धन, दुसऱ्याला ऋण विद्युतभार असतो. लहर आली की तो तिच्या तालावर वळू पाहतो आणि त्यात तिची ऊर्जा उष्णतेच्या रूपात खर्ची पडते. पोपडे आलेल्या, बुरशी धरलेल्या भिंतीपलीकडच्या खोलीत उन्हाळ्यात चालणारं वायफाय श्रावणात का मरतं, त्याचं एक उत्तर इथे आहे. लोखंडी कपाट, पत्र्याचं छप्पर, मोठा आरसा आणि स्लॅबमधल्या सळया लहरी परतवून लावतात. टीव्हीच्या मागे किंवा कपाटावर दडवलेला राउटर काढून घराच्या मध्यावर, डोक्याएवढ्या उंचीवर, उघड्यावर ठेवणं हा फुकटातला सर्वांत मोठा उपाय आहे.

बहुतेक राउटरचे लहरींचे पट्टे दोन. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर साडेबारा सेंटिमीटर लांबीची; ती भिंतीतून त्यातल्या त्यात बरी जाते. ५ गिगाहर्ट्‌झची लहर त्याच्या निम्म्याहूनही आखूड; ती वेगवान, पण भिंतींपुढे लवकर हरते. भारतात पहिला पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला, दुसऱ्याचा मोठा भाग २०१८ मध्ये. परवाना नाही म्हणजे संरक्षणही नाही: शेजाऱ्याच्या राउटरमुळे अडथळा आला तर कायद्याने दाद मागता येत नाही. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्‌झवर, म्हणजे याच पट्ट्यात चालतो आणि ब्लूटूथही इथेच. या पट्ट्यात चॅनेल १३ असले तरी एकमेकांवर न चढणारे तीनच वापरात आहेत: १, ६ आणि ११. गर्दी टाळायची म्हणून कुणी ३ निवडतो आणि १ व ६ अशा दोन्ही बाजूंचा त्रास ओढवून घेतो. डबा असेल त्या खोलीत ५ गिगाहर्ट्‌झ, भिंतीपलीकडे २.४; घर मोठं असेल तर दुसरा राउटर केबलनेच जोडावा.

बाहेरचा टप्पा काचेचा. फायबरमधला प्रकाश वाहून नेणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, केसाहून कितीतरी बारीक. जोडावर धूळ बसली, फांदी पडून तार तीव्र वळली, जोडपेटीत पाणी शिरलं, की प्रकाश गळतो. डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेला लाल दिवा लागला तर प्रकाश पोचतच नाही. तिथे राउटरशी झटापट व्यर्थ. घरात इन्व्हर्टर असूनही वीज गेल्यावर नेट जात असेल, तर केबलवाल्याच्या वाटेतल्या पेटीला बॅटरी नसण्याची शक्यता असते. मात्र लाल दिवा न लागता नेट तुटत असेल तर वेळेची नोंद हवी.

उदाहरणार्थ, वेल्समधल्या अ‍ॅबरहोसन गावात दीड वर्ष रोज सकाळी सातला ब्रॉडबँड कोसळत असे. तिथल्या तारा सांभाळणाऱ्या ओपनरीच कंपनीच्या अभियंत्यांनी केबलचे मोठे भाग बदलले, काही उपयोग झाला नाही. अखेर ते पहाटे यंत्र घेऊन गावभर फिरले. सातच्या ठोक्याला एका घरातून विद्युत गोंगाट उसळला: तिथला जुना टीव्ही चालू झाला होता. २०२० मध्ये ही बातमी जगभर गाजली. तिथल्या तारा तांब्याच्या होत्या, काचेला असा गोंगाट बाधत नाही. पण घड्याळ लावून शोध घेण्याची रीत इथेही तितकीच कामाची. रात्री नऊलाच नेट मंदावतं की पावसाची जोरदार सर आल्यावर, हे आठवडाभर वहीत लिहून ठेवा.

मग केबलवाल्याला बोलवा आणि त्याच्याकडून फायबरमधला प्रकाश मीटरने मोजून घ्या. आपल्याकडच्या नेहमीच्या घरगुती फायबर जोडणीत (जीपॉन) हा आकडा उणे ८ ते उणे २७ डीबीएम यांच्या दरम्यान असायला हवा. उणे ३० दिसलं, तर वायफायची कितीही काळजी घेऊन उपयोग नाही. लाइन दुरुस्त करणं हे कंपनीचं काम आहे आणि ते आग्रहाने मागून घ्या.