कोलेस्टेरॉल २१० आलं, म्हणजे नेमकं काय?

भडगाव तालुक्यातल्या आपल्या गटांच्या बैठकीला हल्ली बचतीच्या वहीसोबत रक्ताचे रिपोर्टही येतात. "ताई, कोलेस्टेरॉल २१० निघालं, आता काय काय सोडू?" असं बाया विचारतात. नुसत्या एकूण आकड्यावरून ते ठरत नाही.

कोलेस्टेरॉल शरीराला लागतंच. बरंचसं आपलं यकृतच तयार करतं. रक्तातून ते दोन तऱ्हेच्या गाड्यांतून फिरतं असं समजा. एलडीएल ते शरीरभर नेतं, आणि जास्त झालं की रक्तवाहिनीच्या आत थर साचतो. एचडीएल उरलेलं परत यकृताकडे आणतं. म्हणून एक वाईट, दुसरं चांगलं.

आता हिशेब करू. दोघींचं एकूण २१०. पहिलीचं एचडीएल ६०, दुसरीचं ३५. २१० ला ६० ने भागलं तर साडेतीन येतात, ३५ ने भागलं तर सहा. एकूण सारखंच, पण धोका दुसरीला जास्त. कर्ज देताना आपणही नुसती उलाढाल पाहत नाही, बचत किती आणि देणं किती तेही पाहतो. रिपोर्टवर याला 'रेशो' लिहितात. साधारण चारच्या आत बरा, पाचच्या वर गेला तर डॉक्टरांना दाखवायचा. बाईचं एचडीएल ५० च्या खाली असेल तर ते कमीच. आपल्या भागातल्या लोकांत ते कमी असणं नेहमीचं आहे. २००४ साली ५२ देशांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, इतरांना ५९ च्या आसपास.

पण रेशो चांगला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. एचडीएल ७० असेल तर रेशो छान दिसतो, पण सोबत एलडीएल १९० असेल तर धोका आहेच. एचडीएल वाढवायची औषधंही तपासून झाली, त्यांनी झटके काही कमी झाले नाहीत. म्हणून डॉक्टर एलडीएल खाली आणण्यावर भर देतात. त्याची गोळी सुरू असेल तर रिपोर्ट चांगला आला म्हणून मनाने बंद करू नका. बीपी, साखर, वय हेही त्यांना सांगा. आणि मिसरी! ती लपवू नका, मिसरी म्हणजे तंबाखूच.

तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल नाही' असं ठळक छापतात. शेंगदाण्याच्या काय, कुठल्याच वनस्पती तेलात ते नसतं! खरा त्रास डालड्यासारख्या जुन्या वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटचा. ती एलडीएल वाढवते आणि एचडीएल घटवते, म्हणजे दोन्हीकडून तोटा. २०२२ पासून सरकारने तिला २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. तरी कढईतलं तेच तेल पुन्हा पुन्हा तापवून शेव तळणं टाळाच. कळण्याची भाकरी, डाळ, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे चालतात.

तीस वर्षांवरच्या सगळ्यांनी आशाताईंकडे नाव देऊन बीपी आणि साखर तपासून घ्या. कोलेस्टेरॉलची तपासणी कुठे होते तेही त्यांनाच विचारा.

आणखी एक. बायकांना झटक्यात छातीत कळ येतेच असं नाही. दम लागतो, जबडा किंवा पाठ दुखते, मळमळतं, घाम फुटतो. पित्त म्हणून सोडा पाजत बसू नका, १०८ ला फोन लावा.