गर्भिणीचे वजन आणि ‘कोयता’

गर्भवतीच्या इच्छांना मराठीत ‘डोहाळे’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘दोहद’ ह्या शब्दाशी निगडित आहे. चौथ्या महिन्यापासून गर्भिणी द्विहृदया होते आणि तिच्या इच्छा डावलल्यास अपत्य कुबडे वा खुजे निपजते, असे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहे. ही कारणमीमांसा आज ग्राह्य नाही. तथापि मातेच्या आहाराचा अर्भकाच्या बांध्याशी संबंध असतो, हे निरीक्षण त्या शब्दामागे दिसते. नवलाची गोष्ट अशी की, डोहाळे पुरविणाऱ्या त्याच घरांत ‘फार खाल्ले तर मूल मोठे होईल व बाळंतपण अडेल’ ही समजूतही आढळते आणि ताटातला घास कमी होतो.

सुदृढ गर्भिणीचे वजन नऊ महिन्यांत सुमारे १२.५ किलोने वाढते. त्यात अर्भकाचा वाटा जेमतेम चतुर्थांश असतो. उरलेले वजन वार, गर्भजल, गर्भाशय, वाढलेले रक्त आणि स्तन्यासाठी साठविलेली चरबी यांचे होय. गरीब भारतीय स्त्रियांची वाढ मात्र सरासरी ६.५ किलोच्या आसपास नोंदली गेली आहे. अशा वेळी अर्भक कमी वजनाचे, म्हणजे २.५ किलोंपेक्षा हलके, जन्मण्याची किंवा अकाली जन्मण्याची भीती वाढते. वजन प्रमाणाबाहेर वाढले तर अर्भक मोठे होऊन शस्त्रक्रियेचा प्रसंग येतो, हेही खरे. पण कोरडवाहू गावांतील मुख्य दुखणे ते नव्हे.

ह्या विषयावरील महाराष्ट्रातील महत्त्वाचे संशोधन पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्याजवळील सहा खेड्यांत केले. तेथील मातांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो आणि अर्भकांचे सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे वजन ३.५ किलो भरते. परंतु ही कृश अर्भके सर्वांगाने सारखी कृश नव्हती. स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. पुढील आयुष्यातील मधुमेहाचे बीज ह्या बांध्यात असावे, असा याज्ञिकांचा तर्क आहे. शिवाय एकूण उष्मांक वा प्रथिने यांपेक्षा पालेभाज्या, फळे व दूध यांचाच अर्भकाच्या आकाराशी संबंध दिसला. आणि ज्या मातांचे कष्ट अधिक, त्यांची अर्भके लहान.

हा शेवटचा निष्कर्ष अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पाथर्डीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्याला लागू करून पाहण्याजोगा आहे. दसरा-दिवाळीनंतर येथील अनेक कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो व उचलही त्या जोडीला मिळते. कामाच्या ह्या एककात गर्भिणीची स्वतंत्र गणना नाही. ती थांबली तर कोयता अर्धा होतो. म्हणून तीही मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत जाते. पाला आणि दूध दोन्ही घरी राहिलेले असतात. तळावरच्या चुलीवर भाकरी होते, तेवढीच.

भारतीय आहारशास्त्रज्ञ गर्भिणीस दररोज सुमारे ३५० उष्मांक अधिक सुचवितात. मोळ्या वाहण्यात खर्च होणाऱ्या शक्तीची भरपाई त्यातून होईल, असे मानता येत नाही. शिवाय वजनाची पहिली नोंद पाथर्डीच्या अंगणवाडीत आणि पुढची कारखान्याच्या तळावर व्हावयाची, तर दोन्ही आकडे एकाच कार्डावर असावे लागतात. कार्ड गावी राहिले तर सातव्या महिन्यात गर्भिणीचे वजन कळते, वाढ कळत नाही.